एकोणसाठ नारळ

“एकोणसाठ म्हंजे किती, येवढं कलत न्हाय, आनि ही म्हने देवाच्या हिशोबावर सही करनार!”

देवस्थानाचे कारभारी नानू पाटील ओटीवर बसून बशीत चहा ओतता ओतता पुजाऱ्याला हे सांगत होते. मी आतल्या खोलीत, खिडकीच्या गजांपलीकडे, हातात हिरवी पेन्सिल घेऊन बसले होते. माझ्या कानावर पडावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पडू नये असंही नव्हतं. आमच्याकडे माणसं अशीच बोलतात, वाऱ्यावर सोडून देतात, ज्याचं त्यानं उचलावं.

अलिबागहून चौलकडे जाताना बागांत लपलेलं ते लहानसं देवस्थान. ट्रस्टांचा कायदा आल्यापासून देवालाही दर साली हिशोब तपासून घ्यावा लागे. देवाचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः नारळ. नारळाची वही नानूंच्या वडिलांच्या वेळेपासून मोडीत लिहिलेली. मला मोडी येत नव्हती, म्हणून नानूंनी वही वाचायची आणि मी ऐकून आकडे उतरवायचे असं ठरलं. दुपारी बेरीज केली तर वहीतल्या बेरजेपेक्षा माझ्या कागदावर देवाचे दहा नारळ जास्त.

“काढा पुन्हा,” नानू म्हणाले. पुन्हा काढली. पुन्हा दहा.

“भटजी, तुमच्या घरी परवा खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या ना?”

“नारळ जास्त लागलेत, नानू, कमी न्हाईत,” पुजारी चिडले. “जास्त नारळ मी खाल्ले कसे? आनि माझं नाव घ्याल तर उद्या पूजेला तुम्हीच बसा.”

मग आमचे टिपणीससाहेब उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. साऱ्या गावात हिशोब तपासून सही करण्याचा परवाना असलेला हा एकच माणूस, आणि मी त्यांच्याकडची आर्टिकल्ड क्लार्क, म्हणजे चार वर्षं हाताखाली काम करून शिकायला ठेवलेली उमेदवार. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“मिस म्हात्रे, एकोणसाठ लिहून दाखवा.”

मी लिहिलं: एकाशेजारी एक ठेवल्यासारखं सरळ, सहा आणि नऊ. ‘साठ’ ऐकलं होतं, ‘नऊ’चा काहीतरी भास झाला होता. साठ आणि नऊ.

साहेब हसले नाहीत. ओटीवर मात्र बशी थांबली, आणि मग ते वाक्य आलं.

आज पुन्हा तेच दिवस आलेत. दसरा तोंडावर आहे. शाळेच्या मागच्या शेतांत भात पिवळं पडलंय, पाणी ओसरून बांधांवर चिखलाच्या भेगा दिसू लागल्यात. ऊन अंगाला चिकटतं. कोळीवाड्याकडून वारा आला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वर्गात शिरतो आणि पाचवीच्या मुली नाकाला पदर लावायचं सोंग करतात, ज्यांना पदर नाही त्यासुद्धा. मी त्यांना गणित शिकवते. परवा मुंबईहून नव्यानं आलेल्या एका मुलीनं फळ्यावर एकोणसाठच्या जागी सहा आणि नऊ लिहिलं. वर्ग खो खो हसला. मी खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले. मुलींना वाटलं बाई रागावल्या.

इंग्रजीत हा आकडा किती सरळ असतो. पन्नास ओलांडून नऊ पावलं पुढे आलेला. जेवढं चाललास तेवढं तुझं नाव. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे एकोणसाठाला त्याच्या मागच्या पन्नासाचं काहीच श्रेय नाही; त्याची ओळख साठाची, जिथं तो पोचला नाही त्या जागेची. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे न पोचलेले, आणि न पोचण्याचंच नाव लावून फिरणारे. एक नव्याण्णव तेवढा कसा कोण जाणे सुटला.

“ही म्हात्रेबाई. सीए होणार होती,” असं माझी ओळख करून देताना अजून लोक म्हणतात. कौतुकानंच म्हणतात.

सीए व्हायचं हे मुळात बाबांचं खूळ. आमची भातशेती अलिबागच्या अलीकडे, पण बाबांचं आयुष्य मुंबईच्या गोदीत गेलं. बोटीतून उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवायचं काम. सगळा दिवस उन्हात उभं राहून बाबा मोजायचे, आणि संध्याकाळी कुणीतरी साहेब येऊन एक सही करायचा. ती झाल्याशिवाय मोजलेल्याला काही अर्थ नसायचा. बाबांनी त्या सहीचा ध्यास घेतला. मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. घरात आई मराठीत ओरडायची, बाबा मात्र माझ्याशी आकडे इंग्रजीत बोलायचे, गोदीतले, मोडके, पण अभिमानाचे. गावाकडे आलो की चुलते म्हणायचे, “हिला मराठी बोलाया लावा जरा. उद्या भाताला पाखरं बसली तर हाकलनार कंच्या भाषेत?” मी हसायची नाही, रडायचीही नाही. खांबाला टेकून बघत राहायची. तेव्हापासून मला गप्प राहायची सवय.

बी. कॉम. झाले तोवर बाबा निवृत्त होऊन गावी परतले होते. एकट्या मुलीला मुंबईत ठेवणं आईला मान्य नव्हतं. म्हणून टिपणीससाहेब.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सगळं समजावलं होतं. आर्टिकल्सचा करार स्टँपपेपरवर होईल, तो दिल्लीला नोंदवला जाईल. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम. मोजून मिळालेल्या रजेपेक्षा जास्त रजा घेतली तर तेवढं काम पुढे भरून द्यायचं. मध्ये दुसरी नोकरी नाही, न विचारता दुसरं शिक्षण नाही. परीक्षा दोन, इंटर आणि फायनल. त्या झाल्या की नाव नोंदवहीत चढतं. तरी सही करता येत नाही; त्यासाठी वेगळा परवाना.

“आणि तो मिळाला म्हणजे संपलं असं समजू नका,” ते म्हणाले. “होणं एकदाच असतं, राहणं दर साली. दर साली फी भरा, दर साली स्वतःला विचारा, मी अजून आहे का? जाहिरात करायची नाही. दारावरची पाटीसुद्धा मोठी चालत नाही. दुसरा धंदा करायचा नाही. आपल्या सहीखाली लोक डोळे मिटून झोपतात, मिस म्हात्रे. त्या सहीला दुसरं पोट असून भागत नाही.”

मला ते सगळं फार आवडलं. मी लाजरी मुलगी. मला बोलून कुणाला काही पटवता आलं नसतं. पण इथे बोलायचं नव्हतंच. बघायचं होतं, पडताळायचं होतं आणि शेवटी एक सही करायची होती. जगात माझ्यासाठी एक जागा आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

फक्त एका गोष्टीला आवाज लागायचा. रुजवातीला.

आमच्या ऑफिसात कुठलाही कागद रुजवात घेतल्याशिवाय बाहेर जात नसे. टाइप केलेलं पत्र असो की ताळेबंद, एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर पेन्सिल फिरवायची आणि जुळलं की प्रत्येक ओळीला ‘रुजू’ म्हणायचं. नाही जुळलं तर कागद फाडायचा, दुसऱ्या दिवशी नवा टाइप करायचा. साहेब वाचत, मी रुजू म्हणे. माझा आवाज माझ्याच पदरात पडायचा.

“मोठ्यानं, मिस म्हात्रे. दिल्लीला ऐकू गेलं पाहिजे.”

“रुजू.”

“हे तर पनवेलपर्यंतही गेलं नाही.”

ते कधी हसत नसत, पण असं काहीतरी म्हणत. कामावर आले त्या दिवशी त्यांनी माझ्या नावापुढे ‘आज रोजी रुजू’ असं लिहिलं होतं आणि पेन्सिल थांबवून म्हणाले होते, “बघा, आपल्याकडे रुजू दोन. माणूस कामावर येतो तेव्हाही रुजू, आणि कागद कागदाला जुळतो तेव्हाही रुजू. दोन्ही झाले की माणूस हिशोबनीस होतो.”

नारळांचा तो घोळ झाला तेव्हा माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. नवे पैसे येऊन थोडाच काळ झाला होता. बाजारात अजून लोक आणे बोलायचे आणि पैसे मोजायचे. इंटर मी पास झाले होते. एक वर्ष आणि फायनल, एवढंच पुढे होतं. नानूंच्या ओटीवरून परतताना बैलगाडीत साहेब म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. तुमचं एकोणसाठ तुम्ही डोळ्यांनी शिकलात, आमचं कानांनी. आता दोन्हीकडचं झालं.” मला रडू येत होतं, पण त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. दोन्ही बाजूंना भात वाकलं होतं. पुढच्या वर्षी असंच भात वाकेल तेव्हा मी फायनलला बसायच्या तयारीत असेन, असं मी मनात म्हटलं. इतकं स्पष्ट मी मनात कधी काही म्हटलं नव्हतं.

साहेबांचे थोरले भाऊ त्याच श्रावणात गेले होते. ताप आला आणि उतरलाच नाही. त्यांची भाताची गिरण होती, ऑफिसच्या मागच्या बाजूला, मध्ये फक्त एक विहीर आणि शेवग्याचं झाड. पावसाळ्यात गिरण तशीही थंड असते, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. पण गणपती गेले तशी माणसं येऊ लागली. गिरणीतले हमाल. इंजिन चालवणारा अब्बास. खेड्यांतले शेतकरी, दाराशी चपला काढून उभे राहायचे.

“साहेब, औंदा गिरन चालू होनार का न्हाय? न्हायतर आमी पोयनाडला नेतो भात.”

“बघू,” साहेब म्हणायचे.

एकदा नेलेलं भात परत या गिरणीत येत नाही, हे मला अब्बासनं सांगितलं. गिऱ्हाईक नव्या गिरणीला लागलं की लागलं.

वहिनी, म्हणजे भावजय, मागच्या दारानं ऑफिसात चहा घेऊन यायच्या. पूर्वी यायच्या नाहीत. तीन मुलं त्यांना, थोरली सातवीत. त्या काही बोलायच्या नाहीत, चहा ठेवायच्या आणि एक क्षण जास्त थांबायच्या. मला तो क्षण ओळखीचा होता. गप्प माणसं अशीच मागतात.

साहेबांनी दिल्लीला विचारून पाहिलं. घरची गिरण आहे, दुसरं बघणारं कुणी नाही, परवाना ठेवून ती चालवता येईल का? मी ते पत्र टाइप केलं, आम्ही रुजवात घेतली. उत्तर आलं ते सभ्य होतं. नुसती मालकी एक वेळ चालली असती. रोज उभं राहून धंदा करणं नियमात बसत नव्हतं. साहेबांनी ते वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं.

“बरोबर आहे त्यांचं,” म्हणाले. “मी असतो तर हेच लिहिलं असतं.”

मला तेव्हा त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. दिल्लीचा आला असता तरी चाललं असतं. या साऱ्या प्रकरणात मी कितीतरी वेळा राग शोधला आहे, पण तो कुठं ठेवावा अशी जागाच सापडली नाही. नियम चांगला होता. मी त्या नियमावरच तर भाळले होते.

गिरण चालवायची तर साहेबांना परवाना सोडावा लागणार होता, आणि सहीचा परवाना नसलेल्या माणसाच्या हाताखाली केलेलं काम आर्टिकल्समध्ये धरत नाहीत. म्हणजे मला दुसऱ्या कुणाकडे बदली करून घ्यायला हवी होती. आमच्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. बाबा आणि मी रेवसहून लाँचनं मुंबईला गेलो. बाबांनी गोदीतला जुना कोट घातला होता. एका ऑफिसात जागा भरल्या होत्या. एका माणसानं किती उमेदवार घ्यायचे यालाही नियम असतो. दुसऱ्या ऑफिसातले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी माझे कागद पाहिले, मान डोलावली, आणि मग माझ्याशी न बोलता बाबांशी बोलले.

“मुलगी हुशार आहे. पण आमचं काम गिरण्यांचं, बाहेरगावचं. पोरं चार-चार जण एका खोलीत राहतात. हिला मी पाठवू कुठं आणि ठेवू कुठं?”

“ती कुठंबी राहील,” बाबा म्हणाले. “सोशीक हाय ती.”

“ती राहील हो. तिच्या आईला चालेल का?”

बाबा माझ्याकडे बघू लागले. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या दिनदर्शिकेकडे बघत होते. मला म्हणायचं होतं, चालेल. एक शब्द. तो तोंडातून निघाला नाही, नेहमीसारखा. आणि खरं सांगायचं तर म्हणून काही झालं नसतं. आईनं आधीच सांगितलं होतं.

परतीच्या लाँचमध्ये बाबांनी कोट काढून मांडीवर घेतला. खाडीचं पाणी हिरवट, शांत होतं. “किती ऱ्हायलं गो तुझं?” त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

गिरण आता वर्गात बसून ऐकू येते. इंजिनाच्या नळीवर अब्बासनं पत्र्याचं टोपण बसवलंय, ते टुक टुक टुक करत राहतं. तुसाचा बारीक धुरळा उडतो, आमच्या खिडक्यांवर बसतो, मुलींच्या वेण्यांवर बसतो. साहेब गिरणीच्या दारात उभे असतात, धोतर खोचून, केसांत कोंडा. वहिनींची थोरली शिकली, तिचं चांगलं झालं. धाकटी माझ्याच वर्गात आहे आणि गणितात बरी आहे. हे सगळं चांगलंच आहे. मी कधी त्या बाजूनं गेले तर पोती मोजणारा हमाल आकडा ओरडतो आणि साहेब आतून ‘रुजू’ म्हणतात. त्या शब्दासरशी मी पावलं उचलून पुढे जाते. आम्ही दोघं एकमेकांना टाळत नाही. फक्त बोलायला काही शिल्लक नाही. ते होऊन राहिले नाहीत, मी झालेच नाही.

कधी कधी वाटतं, ती तीन वर्षं कुठं गेली? ती मी केली होती. नागावच्या वखारीत, रेवदंड्याच्या दुकानांत, डासांत, उन्हात, शाईनं बोटं काळी करून केली होती. पण त्यांना स्वतःचं नाव नाही. चाराला एक कमी, एवढीच त्यांची ओळख.

साहेबांनी परवाना सोडला तो दिवस घटस्थापनेच्या आसपासचा असावा. वहिनींच्या दारात टोपलीत माती कालवून ठेवलेली होती. दुपारी साहेबांनी मला हातानं लिहिलेला मसुदा दिला. मी टाइप केला. इंग्रजी पत्र, एकाच पानाचं. मी एकही चूक केली नाही. नंतर वाटलं, कशाला केली नाही?

साहेबांनी चष्मा पुसला. “बस, कुमुद,” म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. “रुजवात घेण्याआधी एक सांगतो. तू नको म्हणालीस तर हे पत्र आज जाणार नाही. यंदा गिरण बंद ठेवीन. तुझं वर्ष पुरं होऊ दे. वहिनींना मी समजावीन.”

मी मान खाली घातली.

“संकोच करू नकोस. तुझा हक्क आहे. करारावर माझी सही आहे.”

मागच्या दारापाशी वहिनींचा पायरव आला आणि थांबला. चहाच्या कपबशीचा बारीक किणकिणाट झाला, तोही थांबला. विहिरीपलीकडे अब्बास इंजिनाला रॉकेल लावून पुसत होता. आठवडाभर तो तेच पुसत होता. दोन शेतकरी शेवग्याखाली उकिडवे बसले होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळी दुपार माझ्याकडे पाठ करून वाट बघत होती.

मी हिरव्या पेन्सिलीचं टोक न्याहाळत राहिले. मग साहेबांनी मसुदा उचलला आणि वाचायला सुरुवात केली.

तारीख. रुजू. पत्ता. रुजू. त्यांचा नोंदणी क्रमांक आला. इतर वेळी ते क्रमांक इंग्रजीत वाचत. त्या दिवशी त्याचे शेवटचे दोन आकडे त्यांनी मराठीत वाचले, “एकोणसाठ,” आणि चष्म्यावरून पाहिलं. माझी पेन्सिल थांबली. मी नकलेवर पाहिलं. तिथं सहा आणि नऊ असते तर कागद फाडावा लागला असता, एक रात्र तरी मिळाली असती. पण तिथं पाच आणि नऊ होते. नीट, ठळक, माझ्याच हातचे.

“रुजू,” मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नसावं.

परवाना परत करत आहे. रुजू. कारण घरगुती. रुजू. मग शेवटची ओळ. त्यांनी ती सावकाश वाचली, गावाकडच्या हेलानं, प्रत्येक इंग्रजी शब्द वेगळा ठेवून. माझ्याकडील आर्टिकल्ड क्लार्क कुमारी म्हात्रे यांची आर्टिकल्स आजपासून संपुष्टात आली असे समजावे.

आणि थांबले. ‘मोठ्यानं’ म्हणाले नाहीत. पनवेलचं काही म्हणाले नाहीत. मसुदा हातात धरून भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे मला हवा तेवढा वेळ घेता यावा. मी ती ओळ नकलेवर पुन्हा वाचली. अक्षर न् अक्षर जुळत होतं. हिरव्या पेन्सिलीनं तिच्यापुढे खूण केली.

“रुजू,” मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शेवग्याखालचे दोघं उठून उभे राहिले.